वीणेची घडवंची

(गावातल्या विठ्ठलाच्या देवळाचा नवा सभामंडप. उद्या सकाळी अखंड हरिनाम सप्ताह बसणार. दुपार. देवासमोर उभ्या असलेल्या एका लाकडी वस्तूवर पांढरी चादर टाकलेली आहे. विश्वंभरबुवा आणि त्यांची मुलगी नीलांबरी.)

नीलांबरी : मग मी काढते चादर.

विश्वंभर : हात लावू नको, नीले. मी टाकली, मी म्हणंल तव्हा निघंल.

नीलांबरी : मढं झाकल्यासारखं झाकलंय, बाबा. देवासमोर.

विश्वंभर : मढंच हाये ते. सप्ताहाचं.

नीलांबरी : बाभूळ आहे ती. आपल्या बांधावरची, वादळात पडलेली. तुम्हीच म्हणालात ना, चुलीत घालण्यापेक्षा घेऊन जा, काहीतरी चांगलं कर तिचं?

विश्वंभर : म्हणलो. मला वाटलं चौरंग करशील, पाट करशील. वसमतला कारखाना टाकलास, लोकांचे झोपाळे करतीस, पलंग करतीस, नांदेडची माणसं येऊन फोटो काढून नेतात. आन बापाच्या बाभळीची काय केलीस? घडवंची.

नीलांबरी : घडवंचीवर हंडे ठेवतात.

विश्वंभर : आन हिच्यावर काय ठेवायचं?

नीलांबरी : वीणा.

विश्वंभर : सप्ताहात वीणा ठेवत न्हाईत. सात दिवस, सात राती. ह्याच्या गळ्यातून निघाली की त्याच्या गळ्यात. फ्रॉक घालत होतीस तव्हापासून बघत आलीस. तुला हे मी सांगायचं?

नीलांबरी : जमिनीला टेकत नाही ती. कमरेच्या वर आहे, मुद्दामच तेवढी उंची घेतली. मंडपातल्या कुणाचेही पाय तिच्या पातळीला येत नाहीत.

विश्वंभर : वकिली करू नको. माणसाच्या अंगावरनं निघाली म्हणजे खालीच ठेवली. मग ती तू तिसऱ्या मजल्यावर ठेव.

नीलांबरी : एकदा नीट बघितलं तरी का तुम्ही? का आणल्या आणल्या चादरच शोधली?

विश्वंभर : बघितलं. सकाळी कुणी नव्हतं तव्हा हात फिरवून बघितलं. भोपळ्याखाली असा खळगा केलास, जसा न्हाऊ घालताना लेकराच्या डोक्याखाली हात धरावा. दांडीला वरच्या खाचेत खादीची गादी. खिळा एक न्हाई. 

नीलांबरी : मग?

विश्वंभर : म्हणूनच टाळकं फिरलं. वेडीवाकडी केली असतीस तर लोकांनी कोपऱ्यात लोटली असती. इतकी देखणी जागा दिसल्यावर वीणा गळ्यात घेऊन कोण उभं राहील? जागा केली की माणूस ठेवतोच. आपल्या घरी फ्रीजवर काय काय ठेवलेलं असतं बघ.

नीलांबरी : वा. माझ्या कामाची तुलना फ्रीजशी.

विश्वंभर : हा मंडप बांधलास, मी एक शब्द बोललो? जुन्या फरशा काढल्यास, प्लास्टिकची झुंबरं काढलीस, देणगीदारांच्या पाट्या काढून एका दगडावर सगळी नावं बारीक अक्षरात खोदलीस. भिंतीला गिलावा न्हाई. सगळं गाव माझ्या अंगावर आलं. मी टाळ घेऊन इथं मधोमध उभा राहिलो आन वाजवून दाखवला. जुन्या मंडपात आवाज पत्र्यावरनं अंगावर यायचा. हितं विटेत मुरतो, कानाला गोड लागतो. म्हणलं बघा, कीर्तन ऐकत वाढलेलं लेकरू हाये, तिला कळतं. आता त्याच लोकांना काय सांगू? कळत न्हाई म्हणून?

नीलांबरी : सांगा की, विश्वंभरबुवांच्या खुब्यात सळई आहे. काठीशिवाय चालता येत नाही. आणि उद्यापासून परत रात्र रात्र वीणा घेऊन उभे राहणार आहेत. हे सांगा आधी.

विश्वंभर : ते माझं मी बघंल.

नीलांबरी : मागच्या सप्ताहात बघितलंत तसं? एका माणसाचा पहारा झाला, पुढचा आला नाही. त्याच्या पुढचाही नाही. तुम्ही एकटे उभे. पाय गेले, पडलात, खुबा मोडला. दवाखान्यात डोळे उघडल्यावर पहिलं काय विचारलंत आठवतं?

विश्वंभर : आठवतं.

नीलांबरी : ‘वीणा कुणाकडं हाये?’ मी समोर उभी होते, बाबा. तुमचा हात माझ्या हातात होता. मी कोण, कुठं आहे, रडतेय का, काही नाही. वीणा कुणाकडं.

विश्वंभर : तू माझ्यासमोर होतीस, दिसत होतीस. वीणा दिसत नव्हती. जे दिसत न्हाई त्याचंच विचारतो माणूस.

नीलांबरी : उत्तर तयारच असतं तुमच्याकडे.

रामकिशन : राम राम, बुवा. कुरुंद्याहून पंगतीची भांडी आली, उतरवून घेतली. ताई, कव्हा आलीस? आरं, चादर अजून तशीच व्हय? मला वाटलं उद्घाटनाला झाकली.

नीलांबरी : बरे आलात, रामकिशनकाका. देवस्थान कमिटीचे अध्यक्ष तुम्ही. वीणेसाठी स्टँड हवाय, हे तुम्हाला मान्य होतं की नव्हतं?

रामकिशन : व्हतं. म्हंजे, ठराव न्हाई घेतला तसा. मान डोलवली व्हती.

विश्वंभर : तुझी मान. तिला फक्त डोलायचंच ठाऊक.

रामकिशन : बुवा, तकलीफ समजून घ्या. हळद शिजवायचे दिवस. पहाऱ्याला माणूस भेटना झालंय. ग्रुपवर टाकलं की समदे अंगठा दाखवतात. आन राती बी अंगठाच दाखवतात.

विश्वंभर : हळद काय ह्याच वर्षी पिकली? तुझ्या बापाची शिजत नव्हती?

रामकिशन : बापाच्या टायमाला कढई व्हती. घरची. आज न्हाई तर उद्या पेटवली. आता भाड्याचा कुकर येतो, ट्रॅक्टरच्या मागं. त्याचा नंबर राती लागला तर राती जावं लागतं. सोडला की आठ दिवस कोण बघत न्हाई तुमच्याकडं. मला काय हौस हाये का?

विश्वंभर : कुकरवाल्याचा नंबर चुकत न्हाई. देवाचा तेवढा चुकतो.

रामकिशन : देव रागवत न्हाई ना. कुकरवाला रागवतो.

नीलांबरी : म्हणूनच म्हणते. माणूस येईपर्यंत घटकाभर वीणा सुरक्षित राहावी. तेवढ्यासाठी केलंय.

विश्वंभर : घटकाभर. पहिल्या वर्षी घटकाभर. दुसऱ्या वर्षी राती समदे झोपायला घरी, वीणा लाकडावर. तिसऱ्या वर्षी मोबाईलवर नामाचं रेकॉर्डिंग लावतील आन म्हणतील, अखंड चालू हाये. तू लाकूड घडवलंस का लोकांची सवय, कळतं का तुला? 

नीलांबरी : कळतं. माझं कामच ते आहे. पण तुमचा हट्ट पुरवायला घरातली माणसं मरायची का?

विश्वंभर : कोण मेलं?

नीलांबरी : आई झुरतेय वर्षभर.

विश्वंभर : तुझी आई?

नीलांबरी : हो, माझी आई. सरलाबाई. बायको तुमची.

विश्वंभर : तिच्या झुरण्याचं मला सांगू नको. बोलायचं नव्हतं, पण आता तूच काढलंस. त्या राती मला टेम्पोत घालून वसमतला नेलं. तो रतनसिंग, टेम्पोवाला, कुठला कोण, माझं डोकं मांडीवर घेऊन बसला, टेम्पो त्याच्या पुतण्यानं चालवला. तू धावत आलीस. तुझ्या कारखान्यातली मिस्त्री माणसं आली. आन जिनं सात फेरे घेतले ती कव्हा आली? दुसऱ्या दिवशी दुपारी. डबा घेऊन. जसं काय मी शेतात गेलतो.

रामकिशन : बुवा, जाऊ द्या ना. भांडी मोजून घ्यायची हायेत, चला.

विश्वंभर : काहून जाऊ देऊ? आली आन बसली एका बाजूला. तोंडातनं शब्द न्हाई. एक शब्द. मी म्हणलं, ठीक हाये, सप्ताहापायी आयुष्य घालवलं म्हणून राग धरला असंल. धर म्हणलं. मी बी न्हाई विचारलं.

नीलांबरी : वर्षभर नाही विचारलंत?

विश्वंभर : न्हाई.

नीलांबरी : काका, तुम्ही सांगता की मी सांगू?

रामकिशन : ताई, आज नगं. उद्या कलश बसणार हाये.

विश्वंभर : काय चाललंय तुमचं?

नीलांबरी : तुम्ही पडलात त्या रात्री वीणा कुणी घेतली, बाबा?

विश्वंभर : रामकिशननं. त्याचाच पहारा होता पुढचा. त्याचा फोन आलता तुला, ‘बुवांना सांग, वीणा माझ्या गळ्यात हाये.’ तू मोबाईल माझ्या कानाला लावलास. ते ऐकलं तव्हा जीव खाली पडला माझा.

नीलांबरी : तो फोन उजाडल्यावर आला होता. तुम्ही पडलात मध्यरात्रीनंतर. मधली रात्र कुठं गेली?

रामकिशन : ताई.

नीलांबरी : तुम्ही गप्प बसा, काका. तुमचा पहारा होता आणि तुम्ही कुकरवर होता. पुजारी, टाळकरी, सगळे घरी. देवळात दोनच माणसं होती. बाबा, तुम्ही आणि तुमच्यासाठी दूध घेऊन आलेली आई. तुम्ही खाली बसत गेलात, तिनं आधी तुमचं डोकं धरलं की वीणा, विचारा तिला. मी विचारलं नाही, मला हिंमत झाली नाही. तिनं ओरडून रतनसिंगला बोलावलं, तुम्हाला टेम्पोत चढवलं. तो म्हणाला, बाई, चढा. आणि ती नाही चढली.

विश्वंभर : का?

नीलांबरी : का विचारता? वीणा तिच्या गळ्यात होती.

विश्वंभर : रामकिशन.

रामकिशन : व्हय, बुवा. मी पोचलो तव्हा तांबडं फुटलं व्हतं. वहिनी हितं उभ्या. पदर खोचलेला, डोळे जड झालेले, पण तोंडानं ‘रामकृष्णहरी’ चालूच. मला बघून बी थांबल्या न्हाईत. मी आंघोळ करून आलो, मग उतरवली त्यांनी. 

विश्वंभर : आन तू फोन केलास. माझ्या गळ्यात हाये म्हणून.

रामकिशन : त्या म्हणल्या तसं सांगायला. म्हणल्या, ह्यांना सांगू नका. गावात बाईला पहारा देत न्हाईत, सप्ताह मोडला म्हणतील लोक. आन ह्यांनी बी तेच म्हणलं तर ह्या दुखण्यातनं उठायचे न्हाईत.

विश्वंभर : मी म्हणलं असतं असं तिला वाटलं.

नीलांबरी : तुम्ही म्हणाला असतात, बाबा. खरं सांगा.

विश्वंभर : तिचा आवाज.

नीलांबरी : काय?

विश्वंभर : दुपारी आली तव्हा बोलली न्हाई. आवाज बसला होता व्हय तिचा?

नीलांबरी : रात्रभर नाम म्हटल्यावर दुसरं काय होणार? मानेवर पट्ट्याचा वळ होता. मला वाटलं मंगळसूत्राचं काही लागलं. दिवाळीच्या आधी बोलली माझ्याजवळ. आणि ही घडवंची, घडवंचीच म्हणा आता, कमिटीनं नाही सांगितली. काकांनी फक्त मान डोलवली. सांगितली आईनं. म्हणाली, ‘ह्या वर्षी पण कुणी येणार नाही बघ. हे ऐकायचे नाहीत, आणि मी लपून लपून किती पुरू? पोरी, लाकडाला तरी उभं राहायला शिकव.’

रामकिशन : बसा, बुवा. बसून घ्या. पाणी आणू का?

विश्वंभर : पाणी नगं. तू बाजूला हो.

रामकिशन : चुकलं माझं. पण आता लोकांत नका काढू, हात जोडतो. मागचा सप्ताह अखंड झाला म्हणून समद्या गावानं काला खाल्ला. आता मोडला म्हणलं तर...

विश्वंभर : मोडला असता. तू आला न्हाईस म्हणून मोडला असता. ती होती म्हणून न्हाई मोडला. एवढं पण कळत न्हाई तुला, आन अध्यक्ष.

रामकिशन : मग बाईचा पहारा चालतो म्हणता?

विश्वंभर : इतके कीर्तनकार ऐकले मी. समदे सांगतात, देव हाकेला आला. हाक कुणी मारली, नेसून काय होतं, असं देवानं दारात उभं राहून विचारल्याचं एकानं बी सांगितलं न्हाई. तरी माझ्या डोक्यात कव्हा आलं न्हाई हे. आयुष्यभर नुसत्या माना डोलवल्या. तुला काय बोलू?

नीलांबरी : मग आता काढू का चादर?

विश्वंभर : काढ. पण वीणा हिच्यावर ठेवायची न्हाई.

नीलांबरी : परत तेच? एवढं सगळं ऐकूनही?

विश्वंभर : एवढं ऐकून तर मुळीच न्हाई. माझ्या बायकोनं रातभर गळ्यात बाळगली ती आता मी लाकडावर ठेवू? तोंड हाये का मला?

नीलांबरी : मग हे फोडून चुलीत घालू? सांगा तसं. घालते.

विश्वंभर : मोजमाप कशाचं घेतलं होतंस तू?

नीलांबरी : म्हणजे?

विश्वंभर : दिवाळीत आलीस तव्हा टेप लावून मोजत होतीस.

नीलांबरी : वीणेचं. भोपळ्याचा घेर, दांडीची लांबी, खुंट्या कुठं येतात ते.

विश्वंभर : आन वीणेकऱ्याचं?

नीलांबरी : त्याचं कशाला घ्यायचं?

विश्वंभर : तेच चुकलं. वीणेला काय तकलीफ हाये? ती थकत न्हाई, तिचे पाय सुजत न्हाईत, तिच्या खुब्यात सळई न्हाई. पडतो तो धरणारा. तू टेका त्याला द्यायचा सोडून वीणेला दिलास. इतकी शिकली, एवढं पण न्हाई सुचलं?

नीलांबरी : सुचलं नाही, खरंय. आणि सुचलं असतं तरी तुम्ही मोजू दिलं असतं? ‘बाबा, तुम्ही थकता, उभे राहा, पाठ मोजते’ म्हटलं असतं तर टेप फेकून दिली असती माझी.

विश्वंभर : दिली असती.

नीलांबरी : मग बापाला विचारायची सोय नाही म्हणून पोरीनं वीणेला विचारलं.

रामकिशन : हे बराबर बोलली ती.

विश्वंभर : तुला कुणी विचारलं?

नीलांबरी : थांबा जरा. वरची खाच पाचरीवर बसवलीय, ती सुटते. खळगाही सुटा आहे. दोन्ही काढले तर उरतात दोन खांब आणि मधला आडवा दांडा. खांब मुळातच मागं कललेले आहेत. मध्ये एक रुंद फळी टाकली पाठीला, आणि खाली एक उतरती, पूर्ण बसायला नाही, नुसतं बूड टेकवायला...

विश्वंभर : बसायचं न्हाई. पहाऱ्याला बसून चालत न्हाई.

नीलांबरी : बसत नाही म्हणतेय ना. पाय जमिनीवरच. अर्धा भार पायावर, अर्धा लाकडावर. बाहेरून बघणाऱ्याला माणूस उभाच दिसेल.

विश्वंभर : झोप लागंल का?

नीलांबरी : नाही. उतरती आहे. डुलकी आली की घसरायला होतं, जाग येते.

विश्वंभर : मग कर.

नीलांबरी : ‘मग कर.’ उद्या सकाळी कलश बसणार, माझी हत्यारं वसमतला, मिस्त्री लग्नाला गेलाय. आणि मला सांगताय मग कर. सहा महिने आधी तोंड उघडलं असतं तर काय बिघडलं असतं?

विश्वंभर : तू उघडलं होतंस?

नीलांबरी : मी तुमचीच पोरगी आहे.

रामकिशन : मोटारसायकल हाये माझी भाईर. हत्यारं काय काय पाहिजेत सांग, घेऊन येतो. फळीला लाकूड हाये का?

नीलांबरी : बाभळीचा एक तुकडा उरलाय कारखान्यात, दाराशी उभा केलेला. तो, मोठा रंधा, पटाशीचा डबा आणि लाकडी मोगरी.

विश्वंभर : आन उद्याचा पहिला रातीचा पहारा तुझा, रामकिशन. कुकर पेटलेला असू दे, न्हाईतर शेत.

रामकिशन : हाये, बुवा. अंगठा न्हाई, शब्द देतो. पण एक सांगा. वहिनींचा बी पहारा लावायचा का? उघड? उद्या पाचशे माणूस राहील पंगतीला. बोलतील लोक.

विश्वंभर : बोलू दे की. बोलायला देवळात यावं लागंल. जो पहिला बोलंल त्याच्या गळ्यात वीणा घाल, आन म्हण, पुढचा पहारा तुमचा.

रामकिशन : मग कोणच बोलायचं न्हाई.

विश्वंभर : जा आता.

नीलांबरी : काका, येताना जरा दमानं या, पटाशीला धार आहे. बाबा, इकडं या. काठी द्या माझ्याकडं. भिंतीला पाठ लावा, सरळ. फळी किती उंचीवर घ्यायची ते खूण करून घेते.

विश्वंभर : भिंत टोचती.

नीलांबरी : वीट आहे, टोचणारच. हलू नका. खांद्याच्या खाली इथं येते बघा. इथं खडूची रेघ मारते.

विश्वंभर : मारू नको.

नीलांबरी : आता काय झालं?

विश्वंभर : ती मागं पंगतीचे गहू निवडत बसली असंल. तिला बोलाव.

नीलांबरी : बोलावते. आधी हे माप होऊ द्या.

विश्वंभर : माझं माप घेऊ नको, नीले. तिची पाठ माझ्यापेक्षा वीतभर खाली येती. तिच्या बेतानं फळी लाव. मला वाकता येतं.